परवान्यातली दया

इ. स. १८७४ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडातील नॉरिच या जुन्या गावी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे वार्षिक संमेलन भरले, तेव्हा चालकांनी पॅरिसहून मान्यां नावाच्या एका नामांकित डॉक्टरास मुद्दाम पाचारण केले होते. आणि अब्सिंथ नामक फ्रेंच मद्यापासून अपस्माराचे झटके कसे उद्भवतात हे दाखविण्यासाठी त्या गृहस्थांनी, जमलेल्या धन्वंतरींच्या देखत, मेजाला जखडलेल्या कुत्र्यांच्या शिरेत ते टोचण्यास आरंभ केला. प्रेक्षकांत टफनेल नावाचे आयर्लंडचे एक वजनदार शस्त्रवैद्य होते. त्यांना हा प्रकार असह्य झाला. त्यांनी प्रथम शब्दाने निषेध केला, मग पुढे होऊन एका कुत्र्याचे बंध तोडले, आणि सभागृहात एकच गोंधळ उडाला. प्रकरण तेथे मिटले नाही. प्राणिरक्षणाच्या राजमान्य सोसायटीने, म्हणजे ज्या संस्थेचा सर्व काळ तोवर गाडीवानांवर व खाटकांवर फिर्यादी करण्यात गेला होता तिने, त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या फ्रेंच डॉक्टरावर व त्याला साह्य करणाऱ्या स्थानिक डॉक्टरांवर फौजदारी खटला गुदरला. मुख्य आरोपी केव्हाच स्वदेशी निघून गेला होता व बाकीच्यांनी प्रत्यक्ष काय केले याचा पुरावा तोकडा पडला, म्हणून न्यायाधीशांनी सर्वांना सोडून दिले. मात्र फिर्याद आणण्यास सबळ कारण होते, असाही अभिप्राय त्यांनी नोंदविला. प्रयोगशाळेतील मनुष्याला तबेल्यातील मनुष्याच्या रांगेत उभे करता येते काय, हा प्रश्न न्यायासनापुढे अशा रीतीने प्रथमच आला, आणि पुढील दोन वर्षांत जगातील या प्रकारचा पहिला कायदा त्यातूनच जन्मास आला.

१८२२ साली रिचर्ड मार्टिन या आयरिश सभासदाच्या खटपटीने पार्लमेंटात गुरांच्या छळास बंदी करणारा जो कायदा मंजूर झाला, त्याच्या मसुद्यात शास्त्रज्ञाचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. बैलाला पराणीने भोसकणारा, घोड्याच्या उघड्या जखमेवर खोगीर घालणारा, अशा दरिद्री व बहुधा दारूच्या अमलाखालच्या मनुष्यावर त्या कायद्याची नजर होती. छळ हा नीच लोकांचा दुर्गुण होय, असे त्यामागील गृहीतक होते. पण त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी फ्रान्सचा विख्यात शरीरशास्त्रज्ञ माझांदी लंडनला आला आणि त्याने जिवंत कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूंवर जाहीर प्रयोग करून दाखविले, तेव्हा सुशिक्षित हाताने, शांत चित्ताने, ज्ञानाच्या नावाखाली दिलेली वेदना ही छळाच्या व्याख्येत बसते की नाही, हा पेच प्रथमच उभा राहिला. मार्टिनने पार्लमेंटात त्यावर आवाज उठविला. खुद्द वैद्यकवर्गातील मार्शल हॉल याने १८३१ साली आपल्या व्यवसायबंधूंसाठी काही नियम सुचविले. निरीक्षणाने जे कळते त्यासाठी प्रयोग करू नये, उद्दिष्ट निश्चित नसता करू नये, पूर्वी सिद्ध झालेले विनाकारण पुन्हा करू नये, वेदना शक्य तितकी कमी असावी आणि प्रयोग साक्षीदारांसमोर व्हावा, असा त्यांचा आशय होता. आजच्या सर्व नियमावल्या मुळात या यादीचाच विस्तार आहेत, असे म्हटले तरी चालेल. हॉलचे त्या काळी कोणी फारसे ऐकले नाही. तथापि, इंग्लंडात असे प्रयोगच थोडे होत असल्याने प्रश्न पुढली चाळीस वर्षे धुमसत राहिला, भडकला नाही.

तो भडकण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली म्हणजे १८४६-४७ पासून ईथर व क्लोरोफॉर्म प्रचारात आले, आणि जी वेदना पूर्वी अपरिहार्य म्हणून क्षम्य होती ती आता टाळता येण्याजोगी झाली. टाळता येण्याजोगी वेदना जो टाळीत नाही त्याचा अपराध साहजिकच दुणावतो. दुसरी गोष्ट एका पुस्तकाची. १८७३ साली बर्डन-सँडरसन यांच्या संपादकत्वाखाली शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी एक हस्तपुस्तक प्रसिद्ध झाले. ते नवशिक्यांसाठी आहे असे प्रस्तावनेत म्हटले होते आणि प्रयोगांच्या वर्णनात भुलीच्या औषधाचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी गाळलेला होता. लेखकांचे म्हणणे असे की ती गोष्ट गृहीतच होती. परंतु जो वाचक प्रयोगशाळेत कधी गेला नाही त्याने ते गृहीत कसे धरावे? बेडूक आणि ससे कसे बांधावेत हे जे पुस्तक तपशिलाने सांगते, त्याला भुलीविषयी एक ओळ लिहिण्याची फुरसत झाली नाही, हे लोकांच्या मनाला झोंबले. त्यात १८७५ च्या आरंभी जॉर्ज हॉगन या डॉक्टराने, पॅरिसमध्ये क्लॉद बेर्नारच्या प्रयोगशाळेत आपण डोळ्यांनी काय पाहिले त्याची हकीकत एका वृत्तपत्रात छापली. बेर्नारची स्वतःची पत्नी या विषयावरून त्याच्यापासून विभक्त झाली होती व भटक्या कुत्र्यांना आश्रय देत होती, हेही तेव्हा सर्वतोमुखी होते.

या चळवळीचे खरे सारथ्य फ्रान्सेस पॉवर कॉब या आयरिश विदुषीने केले. स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या, वृत्तपत्रांतून सराईतपणे लेखणी चालविणाऱ्या आणि वादात हार न जाणाऱ्या या बाईंनी टेनिसन, ब्राउनिंग, कार्लाइल अशा थोरांच्या सह्यांचा अर्ज तयार करून प्राणिरक्षक सोसायटीपुढे ठेवला. सोसायटी कचरते आहे असे दिसल्यावर त्यांनी पुढे आपली स्वतंत्र संस्था काढली; तत्पूर्वीच लॉर्ड हेनिकर यांच्यामार्फत १८७५ च्या मे महिन्यात उमरावांच्या सभेत एक विधेयकही आणविले. शास्त्रज्ञही गाफील नव्हते. आठ दिवसांच्या आत लायन प्लेफेअर यांनी लोकसभेत दुसरे विधेयक मांडले, आणि त्याच्या मसुद्यात डाउन गावी राहणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचा हात होता. कुत्र्यांवर जिवापाड माया करणारा, आणि मनुष्य व पशू यांच्यातील भिंत जिच्यामुळे ढासळली त्या उपपत्तीचा हा जनक, प्रयोगांचे संरक्षण करण्यासाठी पुढे यावा, हे काहींना विपरीत वाटले. पण डार्विनची भूमिका सरळ होती. प्रयोगावाचून शरीरशास्त्राची प्रगती नाही हे त्याला पटलेले होते, आणि जेथे भूल देणे शक्य आहे तेथे ती न देणारा मनुष्य तिरस्कारास पात्र आहे हेही. या दोन्ही गोष्टी त्याने पुढे शाही आयोगासमोर एकाच बैठकीत सांगितल्या.

दोन विधेयके समोरासमोर आली की सरकार आयोग नेमते, हा शिरस्ता आपल्याकडेही परिचयाचा आहे. कार्डवेल यांच्या अध्यक्षतेखाली जून १८७५ मध्ये नेमलेल्या आयोगात एका टोकाला जीवशास्त्रज्ञ हक्स्ली तर दुसऱ्या टोकाला प्रयोगांचे कडवे विरोधक व एका साप्ताहिकाचे संपादक हटन असे दोघे बसले होते. साक्षी पुष्कळ झाल्या व बहुतेक नेमस्त होत्या. खुद्द सोसायटीच्या चिटणीसानेही, इंग्लिश शास्त्रज्ञांनी निष्कारण क्रौर्य केल्याचे एकही उदाहरण आपणास ठाऊक नाही, असे सांगितले. तोच क्लाइन यांची पाळी आली. हे मूळचे क्रोएशियाकडचे, व्हिएन्नाच्या तालमीत तयार झालेले सूक्ष्मदर्शक-पंडित. लंडनच्या ज्या ब्राउन इन्स्टिट्यूशनमध्ये ते काम करीत ती संस्था एका दात्याने आजारी जनावरांच्या शुश्रूषेसाठी मृत्युपत्राने स्थापलेली, हा आणखी एक दैवदुर्विलास. प्राण्याच्या वेदनेकडे आपण कितपत लक्ष देता, असे विचारता क्लाइन यांनी मुळीच नाही असे स्वच्छ उत्तर दिले: भूल आपण सोयीसाठी देतो, कुत्रा चावू नये किंवा मांजर ओरबाडू नये म्हणून, एरवी प्रयोगात गुंतलेल्या मनुष्यास त्या विचाराला वेळ नसतो. हे कळल्यावर हक्स्लीने कपाळाला हात लावला. जबानी मागाहून सुधारून देण्याचा क्लाइन यांचा यत्नही फसला, आणि शेकडो पानांच्या त्या अहवालातील ही चार उत्तरे देशभर झाली. माझ्या मते हा मनुष्य त्या संपूर्ण चौकशीतील सर्वांत सत्यवादी साक्षीदार होता. बाकीच्यांनी आपल्या वृत्तीला जे शिष्ट वस्त्र नेसविले होते ते त्याने नेसविले नाही, एवढाच त्याचा प्रमाद.

आयोगाचा अहवाल जानेवारी १८७६ मध्ये आला, आणि मेमध्ये लॉर्ड कार्नार्व्हन यांनी सरकारी विधेयक मांडले, त्यात कुत्री व मांजरे यांवर प्रयोग करण्यास सरसकट मनाई होती. आता डॉक्टरवर्ग खडबडून जागा झाला. कार्नार्व्हन यांची आई नेमक्या त्याच वेळी अंथरुणास खिळून निवर्तली, विधेयकाची वाट लांबली, आणि मिळालेल्या अवकाशात हजारो डॉक्टरांच्या सह्यांचे अर्ज व शिष्टमंडळे गृहमंत्री क्रॉस यांच्या दारी लोटली. ऑगस्टच्या पंधरा तारखेस जो कायदा राणीच्या मंजुरीने अमलात आला तो मूळ मसुद्याहून पुष्कळच निराळा होता. राणी स्वतः या प्रयोगांच्या कट्टर विरोधी होती आणि शस्त्रवैद्य लिस्टर यांनी जाहीर निषेध करावा म्हणून तिने त्यांना सुचवूनही पाहिले होते. लिस्टर यांनी विनयाने नकार दिला होता.

या कायद्याची घडण मोठी लक्षणीय आहे. प्रयोग मना आहे, असे प्रथम म्हणावयाचे, आणि लगेच परवान्याने त्याची मुभा द्यावयाची. परवाना गृहमंत्र्याचा, त्यासाठीच्या अर्जावर नामांकित वैद्यकीय संस्थांच्या अध्यक्षांची शिफारस हवी. प्रयोग नव्या शोधाने शरीरशास्त्राच्या ज्ञानात भर घालण्यासाठी, किंवा प्राण वाचविणे, आयुष्य वाढविणे वा दुःख हलके करणे यांस उपयुक्त ज्ञानासाठीच असावा. प्राण्याला पूर्ण भूल द्यावी, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला वेदना होण्यासारखी असेल तर तत्पूर्वीच त्याला मारावे. निव्वळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नये. जाहीर खेळ करू नये. क्युरारे नावाच्या विषाने प्राणी निश्चल होतो पण त्याची संवेदना शाबूत राहते, म्हणून ते भुलीचे औषध मानू नये. इतके सांगून झाल्यावर मग अपवादांचे दाखले येतात, त्यांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिलेली. एका दाखल्याने भूल न देता प्रयोग करता येतो, दुसऱ्याने प्राणी जिवंत ठेवता येतो, तिसऱ्याने व्याख्यानात प्रात्यक्षिक दाखविता येते. कुत्र्यामांजरांना वेगळा, घोडा, गाढव व खेचर यांना वेगळा. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना कायद्याने मोजलेच नाही. पहिल्या अपराधास पन्नास पौंडांपर्यंत दंड, दुसऱ्यास शंभर पौंड वा तीन महिन्यांची कैद. आणि सर्वांवर कळस म्हणजे परवानाधारकावर गृहमंत्र्याच्या लेखी संमतीवाचून कोणासही फिर्याद करता येणार नाही, असे कलम घातले गेले. नॉरिचला जे घडले ते पुन्हा घडू नये, याची तजवीज कायद्यानेच करून ठेवली.

येथेच या इतिहासाची मख्खी आहे. जो कायदा शास्त्रज्ञांना बेडी म्हणून मागितला गेला, तोच त्यांचे चिलखत झाला. प्रारंभी हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. हक्स्ली चिडून म्हणत असे की, एखाद्या मुलाने जिवंत बेडूक गळाला लावून मासे धरले तर त्याला कोणी विचारत नाही, पण त्याच बेडकावर त्याच मुलाला शरीरशास्त्र शिकविणारा गुरू मात्र दंडास पात्र. १८८१ मध्ये मेंदूच्या कार्यांचा अभ्यासक डेव्हिड फेरियर याच्यावर, माकडांवरील प्रयोगांबद्दल, विनापरवाना शस्त्रक्रिया केल्याचा खटला झाला. पण प्रत्यक्ष शस्त्र चालविणारे त्याचे सहकारी येओ यांच्यापाशी परवाना असल्याचे निष्पन्न होऊन तो खटला निकालात निघाला. त्या धक्क्याने डॉक्टरांनी १८८२ साली आपली एक संघटना उभारली, आणि थोड्याच अवधीत असा रिवाज पडला की गृहमंत्र्याकडे आलेला प्रत्येक अर्ज या संघटनेकडे सल्ल्यासाठी जावा. ज्यांच्यावर देखरेख ठेवावयाची त्यांच्याच पंचायतीने देखरेखीची शिफारस करावी, ही व्यवस्था तीस वर्षे बिनबोभाट चालली. वर्षाकाठी काही शेकडे असलेले प्रयोग १९१० च्या सुमारास लाखाच्या घरात गेले. त्यांतील बहुतेक सुईने लस वा जंतू टोचण्याचे होते, म्हणजे भुलीची माफी देणाऱ्या दाखल्याखालचे. कॉबबाई पुढे आयुष्यभर अशा प्रयोगांवर संपूर्ण बंदी यावी म्हणून लढल्या. बाईंची सर्वांत मोठी फत्ते व बाईंचा सर्वांत मोठा पराभव ही दोन्ही एकाच कागदावर छापलेली होती.

१९०३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एका तपकिरी कुत्र्यावरून जो गदारोळ झाला, त्याच्यावर प्रयोग करणाऱ्या बेलिस यांनी बदनामीच्या दाव्यात दोन हजार पौंड मिळविले, आणि बॅटरसी भागात उभारलेल्या त्या कुत्र्याच्या पुतळ्यासाठी १९०७ मध्ये वैद्यकीचे विद्यार्थी व कामगार यांच्यात रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या, ती कथा सुरस असली तरी तिने कायद्याचे एक अक्षरही बदलले नाही. दुसरा शाही आयोग बसला, सहा वर्षांनी उठला, आणि जुनाच कायदा पुढे चालू राहिला.

आता आपल्या देशाकडे वळू. ज्या साम्राज्याने आपल्या घरी सशाच्या कानाला सुई लावण्यासही दाखला लावला, त्याने हिंदुस्थानात असा कायदा केलाच नाही. कलकत्त्यास १८६१ मध्ये प्राणिरक्षक सोसायटी निघाली, मुंबईस १८७४ मध्ये. मुंबईचा पांजरापोळ तर त्याहून कितीतरी जुना, १८३२ साली पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढल्यावर पारशी मंडळींनी जो दंगा केला, त्याच्या पाठोपाठ दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या औदार्याने स्थापलेला. म्हणजे जीवदयेचा प्रवाह येथे आटलेला नव्हता. पण १८९० चा जो अखिल हिंदुस्थानी कायदा झाला त्याची दृष्टी रस्त्यापुरती होती. रस्त्यात, लोकांच्या राबत्याच्या जागेत, किंवा तेथून दिसेल अशा ठिकाणी जनावरास मारणे, जादा ओझे लादणे, दूध काढण्यासाठी फुंका घालणे हे अपराध ठरले. चार भिंतींच्या आत शास्त्रीय हेतूने जे चालते त्याबद्दल तो कायदा मुका होता. साक्षीमुळे लंडनात नको त्या प्रसिद्धीस आलेले तेच क्लाइन १८८४ साली कॉलऱ्याच्या चौकशीसाठी सरकारी कामगिरीवर हिंदुस्थानात आले, आणि येथे त्यांच्याकडे परवाना मागणारे कोणी नव्हते. १८८९ च्या अखेरीस पुण्याच्या सायन्स कॉलेजात गुरांच्या रोगांसाठी सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. चार वर्षांतच ती कुमाऊँच्या पहाडात मुक्तेश्वरास हलविली गेली, कारण संसर्गाच्या दृष्टीने असे काम वस्तीपासून दूर व थंड हवेत बरे. डोंगराच्या त्या शिखरावर बुळकांड्या रोगाच्या लशीसाठी हजारो गुरे खर्ची पडली, आणि त्या लशीने पुढे लाखो बैल वाचले. हा हिशेब कोणत्याही कायद्याच्या तराजूत कधी घातला गेला नाही. पाश्चर संस्थेच्या योजनेला मात्र इथल्या काही धर्मशील लोकांनी व लंडनच्या कॉबबाईंच्या संस्थेने मिळून हरकत घेतली. तरीही १९०० साली कसौलीस ती संस्था निघालीच.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, आणि ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ हाफकिन कलकत्त्याहून येऊन दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा लवाजमा मिळाला. तेवढ्यावर त्यांनी लस तयार केली, सशांवर पडताळली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर महिन्याच्या आत साथरोगांचा कायदा पास झाला, आणि वसंतात पुण्यात काय झाले हे महाराष्ट्रास सांगावयास नको. सशासाठी लंडनात जो दाखला लागे, तसा कसलाही दाखला गोऱ्या सोजिराला पुण्याच्या माजघरात शिरण्यास लागला नाही. कायदा कोणाची कातडी राखतो हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने १८७६ व १८९७ हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा गेली. बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ त्याच परळात, थोड्याच अंतरावर. एकीकडे लंगड्या घोड्याला पट्टी बांधली जात होती व दुसरीकडे गिनीपिगला प्लेग दिला जात होता, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या परीने दयाधर्मच करीत होते. १९०५ पासून प्लेगचे संशोधक लिस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी परळच्या आवारात लहान लहान झोपड्या उभारल्या आणि त्यांत गिनीपिग मोकळे सोडले. पिसवा असलेल्या झोपडीत प्लेग एकाकडून दुसऱ्याकडे जाई. पिसवा नसतील तेथे रोगी व निरोगी जनावरे एकत्र कोंडली तरी जात नसे. प्लेगच्या घरांत पिंजऱ्यांतून प्राणी ठेवले, काहींच्या भोवती चिकट कागदाचा पट्टा पसरला, आणि पिसू चार-पाच इंचांपलीकडे उडी मारू शकत नाही म्हणून आतला प्राणी वाचतो हे सिद्ध केले. उंदीर, पिसू व मनुष्य यांची साखळी जगाला निर्विवाद समजली ती परळच्या या मुक्या जिवांमुळे. इंग्लंडात हेच करावयाचे तर प्रत्येक पिंजऱ्यामागे दाखला लागला असता. मला वाटते, तो मिळालाही असता.

कायद्याच्या या मौनाविरुद्ध येथून जो पहिला मोठा आवाज उठला तो गांधींचा. विद्यार्थिदशेत लंडनच्या शाकाहारी मंडळींत वावरलेल्या गांधींवर अॅना किंग्जफर्ड या बाईंच्या ग्रंथांची छाप होती. या बाईंनी एकाही जिवंत प्राण्यावर प्रयोग न करता १८८० मध्ये पॅरिसची वैद्यकी पदवी मिळविली होती, आणि आपल्या संकल्पबळानेच क्लॉद बेर्नारचा मृत्यू ओढवला अशी त्यांची स्वतःची समजूत होती! १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’त डॉक्टरांवर जो कोरडा ओढला आहे त्यात, मनुष्यदेहाच्या भ्रामक काळजीपोटी हजारो प्राणी मारले जातात, हाही एक आक्षेप आहे. १९२५ साली ‘यंग इंडिया’त त्यांनी जिवंत प्राण्यांच्या विच्छेदनाविषयीचा आपला तिटकारा निःसंदिग्ध शब्दांत पुन्हा प्रकट केला. या मताशी सर्वस्वी सहमत होणे ज्याच्या घरात प्लेगने माणसे गेली त्यास कठीण जाईल. पण स्वराज्यात हा प्रश्न टाळता येणार नाही, हे त्यामुळे ठरून गेले.

१९५२ मध्ये राज्यसभा भरली, तेव्हा राष्ट्रपतिनियुक्त सभासदांत अडयारच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या, आणि हाफकिन संस्थेचे पहिले हिंदी संचालक, मेजर जनरल साहिबसिंग सोखीही होते: एक नर्तकी, जिने भरतनाट्याला प्रतिष्ठा दिली, आणि दुसरा लस व औषधे यांत जन्म घातलेला जंतुशास्त्रज्ञ. रुक्मिणीदेवींनी प्राणिछळप्रतिबंधाचे खासगी विधेयक आणले. १९५४ साली त्यावर चर्चा झाली. पंडित नेहरूंनी त्यांच्या भावनेचा गौरव केला, सरकार स्वतः सर्वांगीण विधेयक आणील असे आश्वासन दिले व त्यांना ते मागे घेण्यास विनविले. बाईंनी घेतले. त्यानंतर समिती नेमली गेली, आणि हा सर्व सोपस्कार होता होता १९६० उजाडले.

मधल्या काळात एक दुर्घटना घडली. पोलिओच्या लशीसाठी अमेरिकेला उत्तर हिंदुस्थानातील तांबड्या तोंडाची माकडे लागत, आणि ती विमानांतून पाठविली जात. १९५५ च्या आरंभी लंडनच्या विमानतळावर गाडीत कोंडून ठेवलेली सुमारे चारशे माकडे गुदमरून मेली. भारत सरकारने निर्यात बंद केली, काही आठवड्यांनी ती पुन्हा चालू केली, पण अट घातली की ही माकडे केवळ वैद्यकीय संशोधनासाठी व लशीसाठी वापरावीत. मारुतीच्या देशातून वर्षाकाठी लाखावर माकडे जाऊ लागली. शेतकऱ्याला पिकाचा उपद्रव टळला म्हणून बरे वाटले, सरकारास परकीय चलन मिळाले, आणि अट कागदावर राहिली.

१९६० च्या कायद्याचे चौथे प्रकरण प्रयोगांविषयी आहे. त्यातील चौदावे कलम उघडले की वाचकास धक्का बसतो: नव्या शोधाने शरीरशास्त्राच्या ज्ञानात भर घालणे, प्राण वाचविणे वा आयुष्य वाढविणे, दुःख हलके करणे, हे १८७६ चे शब्द जसेच्या तसे तेथे आहेत, पुढे मनुष्य, पशू व वनस्पती यांच्या रोगांशी सामना हे उद्दिष्ट तेवढे जोडले आहे. निव्वळ हात बसण्यासाठी प्रयोग नको, हेही तेच. पण मूळच्या वाक्याचा कल उलटा झाला आहे. इंग्रजी कायदा म्हणतो की या हेतूवाचून प्रयोग करता कामा नये. आपला म्हणतो की या हेतूने केलेला प्रयोग या कायद्याने बेकायदा ठरणार नाही. अटीचे अभयपत्र झाले. परवाना नाही, दाखला नाही; सरकारास वाटल्यास समिती नेमावी, समितीने नियम करावेत, त्या नियमांत भूल, निगा, नोंदवह्या असाव्यात, पुस्तक वा चित्रपटाने भागत असेल तेथे प्राणी वापरू नये, उंदीर-सशाने भागत असेल तेथे मोठे जनावर घेऊ नये. आणि यांतील बहुतेक कर्तव्यांभोवती ‘शक्य तोवर’ हे पद आडून आडून उभे आहे. आज्ञाभंगास दंड दोनशे रुपयांपर्यंत. गांधींचे नाव घेणाऱ्या पार्लमेंटाने व्हिक्टोरियाच्या पार्लमेंटाचा मसुदा उचलावा आणि तोही सैल करून घ्यावा, याचे कारण मला तरी एवढेच दिसते की १९६० साली देशाला देवी, कॉलरा, गुरांचे रोग व सर्पदंश यांची भीती होती, आणि लस करणाऱ्या हाताला अडथळा करण्याची कोणाची छाती नव्हती.

समिती १९६४ मध्ये नेमली गेली, नियम १९६८ मध्ये झाले, आणि मग पुष्कळ वर्षे त्या दोहोंचे अस्तित्व राजपत्रापुरते उरले; महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्राच्या वर्गात मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणलेल्या बेडकांची रांग त्या नियमांमुळे एका बेडकानेही कमी झाली नाही. माकडांची निर्यात १ एप्रिल १९७८ पासून मोरारजी देसाई यांच्या सरकारने बंद केली. मेरिलँडमधील बेथेस्डा येथील लष्करी संस्थेत ही माकडे न्यूट्रॉन बाँबच्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली जात असल्याचे उघडकीस आले होते आणि १९५५ च्या अटीचा तो उघड भंग होता. पण ही बंदी निर्यातीच्या हुकुमाने आली, चौथ्या प्रकरणाखाली नव्हे. प्रयोगशाळांची नोंदणी, प्रत्येक संस्थेत नीतिसमिती व तिच्यात बाहेरचा एक माणूस, प्रयोगापूर्वी मंजुरी, हे सर्व १९९८ च्या नव्या नियमांनी आले, म्हणजे मूळ कायद्यानंतर अडतीस वर्षांनी.

इंग्लंडात १८७६ चा कायदा एकशेदहा वर्षे टिकला. १९८६ साली पार्लमेंटाने तो रद्द करून नवा केला, त्यात प्राण्याला होणारी इजा व अपेक्षित लाभ यांची तुलना परवान्याआधीच करण्याची सक्ती आहे. कार्नार्व्हन, क्रॉस आणि डॉक्टरांची शिष्टमंडळे यांच्या रस्सीखेचीतून निघालेले ते हेतूंचे वाक्य इंग्लंडच्या कायदेपुस्तकातून त्या वर्षी गेले; भारताच्या चौदाव्या कलमात ते अद्याप अमलात आहे.